बस आणि डिव्हाइस: ऑपरेटिंग सिस्टीमने हार्डवेअरचं वर्णन कसं करावं?

शून्यारंभ

नमस्कार मंडळी,

एआरएम प्रोसेसरच्या एका बोर्डासाठी मी छोटा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, लिहितो आहे. शेड्युलर (कोणता प्रोग्रॅम कधी चालवायचा हे ठरवणारा भाग) कसा लिहावा, पेजिंग (मेमरीची वाटणी) कसं करावं यावर वाचायला भरपूर मिळतं. पण यंत्राला काय काय जोडलेलं आहे याची नोंद कर्नलने कशी ठेवावी, हा विषय बहुतेक ठिकाणी दोन ओळींत गुंडाळलेला असतो. माझ्या मते कर्नलच्या रचनेतला सगळ्यात जास्त काळ पुरणारा निर्णय हाच आहे. शेड्युलर पुढे कधीही बदलता येतो. डिव्हाइसच्या नोंदीचा आकार मात्र एकदा सगळ्या ड्रायव्हरांमध्ये (एकेक डिव्हाइस चालवणाऱ्या प्रोग्रॅमांमध्ये) झिरपला की तो बदलण्यासाठी एकेक ड्रायव्हर उघडावा लागतो.

पहिल्या बोर्डावर सीरियल पोर्टचा ॲड्रेस, टायमरच्या इंटरप्टचा, म्हणजे प्रोसेसरला दिलेल्या हाकेचा, क्रमांक हे सगळं थेट ड्रायव्हरमध्ये लिहिलं तरी चालून जातं. दुसऱ्या बोर्डावर तोच सीरियल कंट्रोलर वेगळ्या ॲड्रेसवर बसलेला असतो, त्याचं क्लॉक दुसरीकडून येतं आणि इंटरप्ट मधल्या एखाद्या जीपीआयओ (सर्वसाधारण वापराच्या पिनांच्या) चिपमधून फिरून येतो. चिप तीच, ड्रायव्हर तोच, जोडणी तेवढी निराळी. म्हणजे जोडणीची माहिती ड्रायव्हरच्या बाहेर हवी. इथपर्यंत कुणाचं दुमत नसावं.

खरा पेच पुढे आहे, कारण बसचे, म्हणजे डिव्हाइस जोडणाऱ्या सामायिक तारांचे, स्वभाव दोन. कार्डं जोडणाऱ्या पीसीआय बसला विचारलं की ती सांगते. प्रत्येक फंक्शनला (कार्डावरच्या एकेका स्वतंत्र डिव्हाइसला) स्वतःची कॉन्फिगरेशन स्पेस असते (मूळ पीसीआयमध्ये २५६ बाइट, पीसीआय एक्सप्रेसमध्ये ४०९६), तिच्या सुरुवातीला १६ बिटांचा व्हेंडर क्रमांक आणि १६ बिटांचा डिव्हाइस क्रमांक. जागा रिकामी असेल तर वाचताना सगळे बिट १ येतात. किती मेमरी हवी हेही कळतं: बेस ॲड्रेस रजिस्टरमध्ये सगळे १ लिहायचे आणि परत वाचायचं, जे खालचे बिट ० राहिले त्यांवरून आकार निघतो. यूएसबीही अशीच बोलकी. नवं उपकरण आधी ॲड्रेस ० वर उत्तर देतं, होस्ट त्याला १ ते १२७ मधला ॲड्रेस देतो आणि १८ बाइटांचा डिव्हाइस डिस्क्रिप्टर वाचतो.

आयटूसी, एसपीआय अशा साध्या बसवरचे चिप आणि मुख्य चिपच्या आत थेट मेमरीत मॅप झालेले कंट्रोलर मात्र गप्प असतात. ते आहेत हे कुणीतरी बाहेरून सांगावं लागतं.

माझं म्हणणं असं की प्रत्येक डिव्हाइसबद्दल तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहाव्यात: ते कोण आहे, ते कुठे जोडलं आहे आणि ते कशाकशावर विसंबून आहे. बऱ्याच सिस्टीम आधी बसचा ट्री काढतात आणि मग त्या ट्रीतल्या जागेवरूनच नाव देतात, चालू-बंद करण्याचा क्रम ठरवतात, मालकीही ठरवतात. एका रचनेवर एवढी कामं लादली की ती कुठे ना कुठे खोटं बोलायला लागते. तुमची मतं, विरोधसुद्धा, सविस्तर लिहा.

चकमक

विषय काढलात ते बरं केलंत. थोडा इतिहास लिहितो, कारण आजच्या रचना कशाला उत्तर म्हणून आल्या हे कळल्याशिवाय त्यांच्यावर टीका करण्यात अर्थ नाही.

पीसीआयच्या आधीच्या आयसा बसवर कार्डाला स्वतःची ओळख नव्हती. पहिला सीरियल पोर्ट हेक्स ३एफ८ वर आणि इंटरप्ट ४, हे सगळ्यांनी पाळलेलं संकेतवजा ज्ञान. बाकी कार्डांचे ॲड्रेस जम्परने (कार्डावरच्या छोट्या खुंट्या जोडून) ठरायचे. मग ड्रायव्हर काय करायचे? एकेका शक्य ॲड्रेसवर काहीतरी लिहून-वाचून बघायचे. नेटवर्क कार्ड शोधणारा ड्रायव्हर भलत्याच कार्डाच्या रजिस्टरमध्ये लिहायचा आणि मशीन जागीच थिजायचं. लिनक्समध्ये अमुक पोर्टांना हात लावू नको असं बूट होताना सांगण्याची सोय करावी लागली, ती यासाठीच.

या काळातली मला मनापासून आवडणारी रचना बीएसडीची, म्हणजे युनिक्सच्या एका शाखेची. तिथे कर्नलच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये एकेक ओळ म्हणजे एकेक विधान असतं: कॉम ० हे आयसा बसवर, पोर्ट हेक्स ३एफ८, इंटरप्ट ४. पीसीआयसारखी बस असेल तर जागेऐवजी प्रश्नचिन्ह टाकायचं, म्हणजे ‘सापडेल तिथे’. बूट होताना तेच वाक्य, रिकाम्या जागा भरून, पडद्यावर येतं. ओपनबीएसडी आणि नेटबीएसडीचा बूट लॉग आजही असाच वाचता येतो: हे डिव्हाइस, त्या बसवर, या क्रमांकावर. सांगितलेलं आणि सापडलेलं या दोन्हींची भाषा एकच, ही त्यातली मोठी गोष्ट. तुमच्या कर्नलमध्ये एवढं जरी राखलंत तरी निम्मं काम झालं.

निर्झर

धागा वाचतो आहे, खूप शिकायला मिळतंय. एक प्राथमिक शंका. आयटूसीवर ॲड्रेस सात बिटांचेच असतात, म्हणजे जेमतेम १२८. तेवढे एकेक करून विचारून बघायला कितीसा वेळ लागणार? आयटूसीडिटेक्ट हे साधन हेच करतं ना? मग कर्नलनेच बूट होताना का करू नये?

सांधेजोड

निर्झर, शंका अगदी रास्त आहे, म्हणून उत्तर जरा मोठं देते.

पहिली अडचण: ॲड्रेसवर कुणीतरी आहे एवढंच कळतं, कोण आहे ते कळत नाही. हेक्स ६८ घ्या. डीएस३२३१ हे घड्याळाचं चिप याच ॲड्रेसवर असतं. एमपीयू६०५० हा हालचाल मोजणारा सेन्सरसुद्धा मूळ जोडणीत याच ॲड्रेसवर असतो. दोघेही ‘मी आहे’ एवढंच सांगतात. सेन्सरमध्ये हेक्स ७५ या क्रमांकाचं ओळखीचं रजिस्टर आहे खरं, पण घड्याळात तसं काही नाही. शिवाय रजिस्टर वाचण्याआधी त्याचा क्रमांक चिपला लिहून पाठवावा लागतो. समोर कोण आहे हे ठाऊक नसताना पाठवलेला तो बाइट एखाद्या तिसऱ्याच चिपसाठी आज्ञा ठरू शकतो.

दुसरी अडचण त्याहून वाईट. नुसती चाचपणीसुद्धा निरुपद्रवी नसते. आयटूसीडिटेक्ट दोन पद्धती वापरतं. एकीत फक्त ॲड्रेस आणि लिहिण्याचा बिट पाठवतात. या पद्धतीने काही थिंकपॅड लॅपटॉपांमधल्या ॲटमेलच्या एटी२४आरएफ०८ या ईईप्रॉममधली (वीज गेली तरी मजकूर राखणाऱ्या चिपमधली) माहिती बिघडायची. दुसरीत एक बाइट वाचतात. काही क्लॉक चिप फक्त लिहिण्यासाठीच असतात, त्यांच्याकडून वाचायला गेलं की सगळी बसच अडकून बसते. म्हणून ते साधन ॲड्रेस बघून पद्धत बदलतं आणि वापरण्याआधी धोक्याची सूचनाही देतं. माणसाने समोर बसून, जबाबदारी घेऊन चालवायचं साधन आहे ते. कर्नलने आपणहून प्रत्येक बूटला हे करू नये.

सगळ्याच साध्या तारा मुक्या असतात असंही नाही. वन-वायरवर प्रत्येक चिपला ६४ बिटांचा क्रमांक कारखान्यातच मिळतो: ८ बिट प्रकार, ४८ बिट अनुक्रमांक, ८ बिट तपासणी. एकाच तारेवरची सगळी उपकरणं शोधून काढता येतात. आयटूसीची पुढची पिढी असलेल्या आयथ्रीसीमध्ये ४८ बिटांची ओळख आहे आणि ॲड्रेस नंतर दिला जातो. म्हणजे ओळख देणं स्वस्त तारेवरही जमतं. आयटूसी १९८२ ची, फिलिप्सने एकाच उपकरणाच्या पोटातले चिप जोडायला बनवलेली. आत काय आहे हे बनवणाऱ्याला माहीत असणारच, या गृहीतावर.

उंबरा

सांधेजोड यांनी छान लिहिलंय. ‘बनवणाऱ्याला माहीत असतं’ हाच धागा पुढे नेतो.

बनवणाऱ्याला माहीत आहे, तर त्यानेच लिहून द्यावं. आणि ते बोर्डाबरोबरच, फर्मवेअरमध्ये (बोर्डावरच साठवलेल्या प्रोग्रॅममध्ये) असावं. पीसीच्या फर्मवेअरने ऑपरेटिंग सिस्टीमला माहिती देण्याचं मानक असलेल्या एसीपीआयचं तत्त्व हेच. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी १९९६ मध्ये आणलं तेव्हा भर वीज-व्यवस्थापनावर होता, पण आज तो हार्डवेअरच्या वर्णनाचाही पाया आहे. प्रत्येक डिव्हाइसला ओळखीचा क्रमांक, त्याला लागणारे ॲड्रेस आणि इंटरप्ट यांची यादी, आणि ५.० पासून जीपीआयओ आणि आयटूसीच्या जोडण्यासुद्धा. याचा फायदा रोज दिसतो: जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमची डिस्क नव्या मशीनला लावली तरी ती बहुधा बूट होते. मशीन बाजारात आलं तेव्हा ती सिस्टीम लिहिणाऱ्यांनी ते पाहिलेलंही नसतं.

डिव्हाइस ट्रीच्या (जोडण्यांचं झाडासारखं लिहून ठेवलेल्या वर्णनाच्या) जगात हे अजून पुरतं जमलेलं नाही. एआरएमच्या सर्व्हरांसाठी नियमावली करताना यूईएफआय (फर्मवेअरचं मानक) आणि एसीपीआय निवडले गेले, ते या एका गुणासाठी.

सांधेजोड

उंबरा, तुम्ही सांगितलेला फायदा खरा आहे. माझा आक्षेप दुसऱ्या गोष्टीला आहे.

एसीपीआयच्या टेबलांत नुसतं वर्णन नसतं, प्रोग्रॅम असतो. एएमएल नावाचा बाइटकोड, आणि तो चालवायला कर्नलमध्ये इंटरप्रिटर. ‘हे डिव्हाइस कोणते ॲड्रेस वापरतं’ याचं उत्तरसुद्धा एक मेथड चालवून मिळू शकतं. ती मेथड चालताना हार्डवेअरच्या रजिस्टरमध्ये लिहू शकते, आणि समोर कोणती ऑपरेटिंग सिस्टीम आहे हे विचारून वेगळं उत्तर देऊ शकते. यामुळे काय झालं बघा: लिनक्सला ‘तू विंडोजची अमुक आवृत्ती आहेस का?’ या प्रश्नाला ‘हो’ म्हणावं लागतं. कारण फर्मवेअरची चाचणी त्याच वाटेवर झालेली असते. हार्डवेअर काय आहे हे विचारणाऱ्याच्या नावावर ठरत असेल, तर ते वर्णन राहिलं नाही, वाटाघाट झाली.

डिव्हाइस ट्री ही नुसती माहिती आहे. मुळं ओपन फर्मवेअरमध्ये, म्हणजे आयईईई १२७५ या १९९४ च्या मानकात. सनच्या स्पार्क मशीनवर आणि ॲपलच्या पॉवरपीसी मशीनवर ते चालायचं. तिथून सपाट, चपटं केलेलं रूप लिनक्सच्या पॉवरपीसी शाखेने घेतलं. एआरएमकडे ते जोरात आलं २०११ नंतर. त्याआधी प्रत्येक बोर्डाची वेगळी सी फाइल कर्नलमध्ये असायची आणि त्या ढिगावर लिनस टोरवाल्ड्स जाहीरपणे संतापले होते.

यातली ‘कंपॅटिबल’ ही एक ओळ मला सगळ्या रचनेचं सार वाटते. नेमक्या मॉडेलपासून सुरुवात करून अधिकाधिक सर्वसाधारण नावांकडे जाणारी यादी. नेमका ड्रायव्हर असेल तर तो लागतो, नसेल तर जुना, सुसंगत ड्रायव्हर लागतो. विंडोजमध्येही हार्डवेअर आयडी आणि कंपॅटिबल आयडी अशी हीच उतरंड आहे. ‘कोण आहे’ याचं उत्तर एका क्रमांकात देऊ नका, यादीत द्या.

उंबरा

मान्य, पण अर्धी बाजू राहिली. डिव्हाइस ट्री नुसती माहिती असल्यामुळेच लॅपटॉपचं झाकण बंद झाल्यावर अमुक क्रमाने वीज काढायची, यासारखं ज्ञान त्यात मावत नाही. मग त्या मशीनसाठी कर्नलमध्ये ड्रायव्हर लिहावा लागतो आणि नव्या मशीनला नवा कर्नल लागतो. एसीपीआय ते ज्ञान मशीनमध्येच ठेवतो. गुंतागुंत कुठेही गेलेली नाही, कुणी लिहायची एवढाच प्रश्न आहे.

आणि दोन्ही जगं एकमेकांकडून घेत आहेत. २०१४ मध्ये एसीपीआय ५.१ ने नाव आणि मूल्य अशा जोड्या लिहायची सोय केली. पीआरपी०००१ हा ओळख-क्रमांक वापरला तर एसीपीआयच्या टेबलात सरळ डिव्हाइस ट्रीची ‘कंपॅटिबल’ ओळ लिहिता येते आणि लिनक्सचा तोच ड्रायव्हर जुळतो. ड्रायव्हर लिहिणाऱ्याला माहिती कुठून आली हे कळायची गरज नाही. शून्यारंभ, तुमच्या कर्नलसाठी यातून घ्यायचा धडा हा: ड्रायव्हरने कधीही थेट डिव्हाइस ट्री वाचू नये. ‘मला माझं पहिलं क्लॉक द्या’ एवढंच मागावं.

रातकिडा

माझं काम लहान मायक्रोकंट्रोलरवर चालतं, म्हणून वेगळी बाजू मांडतो. आमच्याकडे काही किलोबाइट रॅम असते. बूट होताना ट्री वाचायचा, नोड बनवायचे, जुळवणी करायची, ही चैन परवडत नाही. आणि बोर्डावरचं काहीही बदलणारही नसतं.

लहान यंत्रांसाठीच्या झेफिर या ऑपरेटिंग सिस्टीमने यावर काढलेला तोडगा मला फार पटतो. वर्णन डिव्हाइस ट्रीतच लिहायचं, पण ते बिल्ड करतानाच वाचून त्यातून सी भाषेचे मॅक्रो तयार करायचे. चालत्या प्रोग्रॅममध्ये ट्री नसतोच, फक्त आकडे उरतात. आवश्यक ओळ राहिली किंवा नसलेल्या नोडचा उल्लेख झाला तर बिल्डच अडतं. म्हणजे वर्णन एकच, ते कधी वाचायचं हा स्वतंत्र निर्णय. मोठ्या सिस्टीमवाले हे दोन्ही एकच समजतात असं मला नेहमी वाटतं.

चकमक

रातकिडा, ‘कधी वाचायचं हा स्वतंत्र निर्णय’ हे फार नेमकं बोललात.

आता मूळ धाग्यातल्या तिसऱ्या गोष्टीकडे, म्हणजे डिव्हाइस कशाकशावर विसंबून आहे याकडे, येतो, कारण मला तीच सगळ्यात अवघड आणि सगळ्यात दुर्लक्षित वाटते. एक कॅमेरा सेन्सर घ्या. त्याची रजिस्टरं आयटूसीवरून लिहितात, म्हणून सगळ्या सिस्टीम त्याला आयटूसी कंट्रोलरच्या पोटात दाखवतात. पण चित्र त्या तारेवरून येत नाही. ते कॅमेऱ्यांसाठीच्या एमआयपीआय सीएसआय-२ जोडणीवरून थेट दुसऱ्या कंट्रोलरकडे जातं. त्याचं क्लॉक तिसरीकडून, वीज दोन-तीन रेग्युलेटरांकडून, रिसेट एका जीपीआयओ पिनवरून. याचा पॅरेंट, म्हणजे ट्रीतला वरचा नोड, कोण? ट्री म्हणतो आयटूसी. कॅमेऱ्याच्या दृष्टीने आयटूसी हा सगळ्यात बिनमहत्त्वाचा शेजारी आहे.

डिव्हाइस ट्री हे मान्य करतो, पण आडवळणाने. नोड ट्रीत एका जागी बसतो आणि बाकीच्या जोडण्या संदर्भ म्हणून लिहायच्या: इंटरप्ट-पॅरेंट वेगळा, क्लॉक वेगळं, चित्राच्या वाटेसाठी ‘पोर्ट’ आणि ‘एंडपॉइंट’. म्हणजे ट्रीच्या कातडीखाली ग्राफच (सगळ्या दिशांच्या जोडण्यांचं जाळं) आहे. आणि त्या ग्राफकडे लिनक्सने बरीच वर्षं काणाडोळा केला. ड्रायव्हर सुरू व्हायचा, क्लॉक तयार नसलं तर ‘नंतर बघू’ म्हणून परत जायचा, मग कर्नल पुन्हा प्रयत्न करायचा. २०१२ मधली ही सोय. चालते, पण बूट होताना एकच ड्रायव्हर अनेकदा सुरू होऊन परत जातो, आणि मशीन झोपवताना क्रम काय लावायचा याचं उत्तर त्यातून मिळत नाही. म्हणून पुढे डिव्हाइसांमधले दुवे कर्नलला वेगळे नोंदवावे लागले, आणि नंतर ते दुवे फर्मवेअरच्या वर्णनातूनच आधी काढून ठेवणं आलं.

ॲपलच्या आयओकिट या ड्रायव्हरांच्या चौकटीने हे सुरुवातीलाच ओळखलं होतं. तिथे एकच नोंदवही आहे, पण तिच्यात अनेक प्रतलं आहेत. सेवांच्या प्रतलात कोण कुणाला सेवा देतो हे दिसतं, विजेच्या प्रतलात कोण कुणाच्या विजेवर चालतं हे दिसतं, यूएसबीचं प्रतल पुन्हा वेगळं. तेच डिव्हाइस प्रत्येक प्रतलात वेगळ्या पॅरेंटखाली असू शकतं. गूगलच्या फुशिया या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये एका नोडला अनेक पॅरेंट असू शकतात आणि ते सगळे हजर झाल्यावरच ड्रायव्हर बांधला जातो. नव्याने लिहिणाऱ्याने इथून सुरुवात करावी.

सांधेजोड

चकमक, तुमच्या प्रतिसादाला दुजोरा. एकच पुरवणी: बस या गोष्टीचं स्वतःचं वर्णनही हवं, नुसतं तिच्यावरच्या डिव्हाइसांचं नाही.

रास्पबेरी पाय हा छोटा संगणक म्हणजे सगळ्यांच्या हाताशी असलेलं उदाहरण. त्याच्या जुन्या चिपच्या माहितीपत्रकात पेरिफेरलचे (चिपमधल्या कंट्रोलरांचे) ॲड्रेस हेक्स ७ई०००००० पासून दिलेले आहेत. पाय ३ वर प्रोसेसरला मात्र तेच पेरिफेरल हेक्स ३एफ०००००० पासून दिसतात, पाय ४ वर एफई०००००० पासून. पेरिफेरल हललेले नाहीत, बघणारा बदलला. आणि डीएमए कंट्रोलरला (प्रोसेसरला मध्ये न घेता मेमरी वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या भागाला) रॅमचा ॲड्रेस द्यायचा तर तो प्रोसेसरच्या नजरेतला देऊन चालत नाही, बसच्या नजरेतला द्यावा लागतो.

म्हणजे बस ही ॲड्रेसांची एक स्वतंत्र जागा आहे, आणि वरच्या जागेशी तिचं रूपांतर दोन्ही दिशांनी लिहिलेलं हवं. डिव्हाइस ट्रीत ‘रेंजेस’ आणि ‘डीएमए-रेंजेस’ या दोन ओळी यासाठी आहेत. ज्या बसच्या मुलांना प्रोसेसरच्या नजरेत ॲड्रेसच नाही, जसं आयटूसी, तिथे ‘रेंजेस’ नसते. त्या ओळीचं नसणंसुद्धा माहिती आहे. मी पाहिलेल्या छोट्या कर्नलांमध्ये बस म्हणजे नुसती मुलांची यादी असते आणि पहिला डीएमए ड्रायव्हर लिहिताना सगळं उलगडावं लागतं.

आणि याचं दुसरं टोक: जिथे बस नाही तिथे ती आहे असं भासवू नये. लिनक्समध्ये ‘प्लॅटफॉर्म’ नावाची एक मानीव बस आहे, चिपमधल्या थेट मॅप झालेल्या कंट्रोलरांसाठी. हळूहळू ज्या कशाला बस सापडेना ते सगळं तिथे जाऊन बसलं, ज्यामागे कोणतंही हार्डवेअर नाही अशा गोष्टीसुद्धा. शेवटी २०२५ मध्ये तशा गोष्टींसाठी वेगळी ‘फॉ’ बस काढावी लागली.

उंबरा

वापरणाऱ्याच्या बाजूनेही कुणीतरी बोलायला हवं. कर्नलच्या आत ग्राफ ठेवा, प्रतलं ठेवा, पण बाहेर काय दाखवणार?

दोन यूएसबी-सीरियल केबल लावा. आज एक ‘टीटीवाययूएसबी ०’ आणि दुसरी ‘१’. उद्या बूट झाल्यावर उलट. नावात दिसतो तो फक्त सापडण्याचा क्रम, आणि क्रम ही ओळख नव्हे. लिनक्समधल्या यूडेव्ह या डिव्हाइसना नावं देणाऱ्या प्रोग्रॅमने यावर दोन प्रकारची कायमची नावं दिली: एक ओळखीवरून, एक जोडणीच्या मार्गावरून. दोन्ही का लागतात? कारण पुष्कळ स्वस्त केबलांना अनुक्रमांकच नसतो, दोन केबल अगदी एकसारखी ओळख सांगतात. तिथे ‘कोणत्या पोर्टला लावली आहे’ एवढाच फरक उरतो. उलट डिस्कच्या बाबतीत माणसाला ती कुठेही लावली तरी तीच डिस्क हवी असते. शून्यारंभ यांनी ‘कोण’ आणि ‘कुठे’ वेगळं ठेवायला सांगितलं, त्याची गरज मला इथे सगळ्यात ठळक दिसते.

आणखी एक चौथी गोष्ट मी जोडेन: माणसाला ‘एक वस्तू’ म्हणून काय दिसतं. छपाई आणि स्कॅनिंग दोन्ही करणारं यंत्र कर्नलला दोन-तीन डिव्हाइस म्हणून दिसतं. विंडोज ७ पासून कंटेनर आयडी आला, एकाच डब्यातल्या सगळ्या भागांना एकच क्रमांक. ‘हे यंत्र काढून घेऊ का?’ हा प्रश्न माणूस डब्याबद्दल विचारतो, इंटरफेसबद्दल नाही.

निर्झर

वाचनखूण साठवली. रास्पबेरी पायवर बसणाऱ्या जोडबोर्डांचं काय? ते तर काढता-घालता येतात, आणि आत आयटूसीच असतं.

रातकिडा

निर्झर, त्यासाठी २०१४ मध्ये ‘हॅट’ नावाच्या जोडबोर्डांचं मानक आलं. दोन पिन राखीव, त्यांवर एक छोटं ईईप्रॉम, ॲड्रेस हेक्स ५०. त्यात बनवणाऱ्याची माहिती, पिनांची मांडणी आणि डिव्हाइस ट्रीचा एक तुकडा. बूट होताना फर्मवेअर तो वाचतं आणि मुख्य ट्रीला जोडतं. चाचपणीचा धोका नाही, कारण त्या दोन पिनांवर दुसरं काही नसणारच असा करार आहे. मुक्या बसवरच्या बोर्डाला बोलतं करायचा इतका स्वस्त उपाय माझ्या पाहण्यात दुसरा नाही.

शून्यारंभ

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकी सविस्तर चर्चा होईल अशी आशा होतीच, ती पुरी झाली. यातून मी नोंदीचा आकार ठरवला आहे, तो इथे मांडतो.

प्रत्येक डिव्हाइसच्या नोंदीत ओळखींची यादी राहील, नेमकीपासून सर्वसाधारणपर्यंत. पीसीआयकडून आलेली असो वा वर्णनातून, रूप एकच. जोडणी म्हणजे एक बस आणि त्या बसवरची जागा. जागेचा अर्थ फक्त त्या बसच्या कोडला कळेल, बाकी कर्नलसाठी ते नुसते बाइट. बसच्या नोंदीत दोन्ही दिशांचं ॲड्रेस-रूपांतर, किंवा ‘रूपांतर नाही’ असं स्पष्ट. अवलंबनं वेगळ्या यादीत, प्रत्येकावर प्रकार लिहिलेला: क्लॉक, वीज, इंटरप्ट, रिसेट, डेटाची वाट. ड्रायव्हर सुरू करण्याचा आणि थांबवण्याचा क्रम या यादीवरूनच लागेल. डेटाची वाट मात्र या क्रमात धरणार नाही, कारण कॅमेरा आणि त्याचा रिसीव्हर दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात आणि वर्तुळ तयार होतं. डब्याचा क्रमांकही ठेवतो, उंबरा.

वर्णन बिल्डच्या वेळीही वाचता येईल आणि बूटच्या वेळीही. आणि फर्मवेअरच्या वर्णनात प्रोग्रॅम नसेल, यावर मी ठाम आहे. मशीनविशेष क्रम लागला तर तो कर्नलमध्ये लिहीन.

कायमचं नाव मी जोडणीवरून देणार आहे: पीसीआयसाठी बस, डिव्हाइस, फंक्शन हे तीन आकडे, यूएसबीसाठी बस आणि ॲड्रेस.

चकमक

रचना उत्तम आहे. शेवटचा परिच्छेद मात्र कोड लिहिण्याआधी बदला.

पीसीआयचा बस क्रमांक ही जागा नाही. तो एन्युमरेशनच्या, म्हणजे बसवरची डिव्हाइस शोधून मोजण्याच्या, वेळी वाटला जातो. ज्या कार्डात स्वतःचा ब्रिज (पुढची बस जोडणारा भाग) आहे असं एखादं कार्ड मधल्या स्लॉटमध्ये घातलं की पुढच्या सगळ्या बसांचे क्रमांक सरकू शकतात. हात न लावलेल्या नेटवर्क कार्डाचं नाव बदलेल. कायम राहतं ते मुळापासूनचा मार्ग: रूटवरचा डिव्हाइस-फंक्शन, त्या ब्रिजमागचा डिव्हाइस-फंक्शन, असं पुढे. यूईएफआयचा डिव्हाइस पाथ असाच लिहितात. यूएसबीचा ॲड्रेस तर त्याहून क्षणिक, उपकरण काढून लावलं की बदलतो. तिथे पोर्टांची साखळी लिहा: रूट हबचा पोर्ट १, त्यावरच्या हबचा पोर्ट ४. आणि ‘यूएसबी बस १’ असं न म्हणता त्या कंट्रोलरचा पीसीआय मार्ग आधी लावा, नाहीतर दोन कंट्रोलरांचा क्रम बदलला की पुन्हा तोच घोळ.

शिवाय हा पूर्ण मार्ग बाहेरच्या प्रोग्रॅमांना तुकडे करून वाचू देऊ नका. लिनक्सने सिसएफएसच्या (डिव्हाइसांची माहिती फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या भागाच्या) दस्तऐवजात स्पष्ट लिहून ठेवलंय की मार्गात अमुक पॅरेंट अमुक ठिकाणी असेल असं धरून चालू नका. तरी लोक धरतातच.

निर्झर

मग मार्ग हेच नाव असेल, आणि मी एक यूएसबी डिस्क उपसून त्याच पोर्टला दुसरी लावली, तर जुनी डिस्क उघडून बसलेल्या प्रोग्रॅमला नवी डिस्क मिळेल का?

शून्यारंभ

चकमक, बदल करतो. मार्गाचाच आग्रह योग्य आहे.

निर्झर, नाही, मिळता कामा नये. नाव आणि नोंद वेगळी ठेवायची. डिस्क उपसली की जुनी नोंद लगेच ‘गेली’ म्हणून खूण करायची आणि मार्गाच्या तक्त्यातून काढायची, पण उघडून बसलेला शेवटचा प्रोग्रॅम सोडेपर्यंत तिची मेमरी मोकळी करायची नाही. त्या प्रोग्रॅमच्या पुढच्या प्रत्येक वाचनाला ‘डिव्हाइस नाही’ अशी त्रुटी. नव्या डिस्कला नवी नोंद आणि चढता अनुक्रमांक, जो यंत्र चालू असेपर्यंत पुन्हा वापरला जाणार नाही. म्हणजे ‘हा मार्ग’ आणि ‘या मार्गावरचं तेव्हाचं डिव्हाइस’ असे दोन वेगळे प्रश्न विचारता येतील. लॉगमध्ये दोन्ही छापणार आहे.